पिंजरा लावा!

पिंजऱ्यातली शेळी पहिल्या रात्री ओरडून शिवार डोक्यावर घेते. तिसऱ्या-चौथ्या रात्री तिला कळून चुकतं की चारा-पाणी वेळेवर येतंय, डोक्यावर गोणपाट आहे, मग ती गप्प बसून रवंथ करायला लागते. पिंजऱ्याचं काम बिघडतं ते इथेच, कारण बिबट्या यायचा तो तिच्या ओरडण्यावर. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या पुढे एका उसाच्या बांधाला असा पिंजरा पाहिला, तेव्हा आतली शेळी निवांत होती. बाहेर जमलेली माणसं मात्र निवांत नव्हती. त्यांच्यातल्या एका आजींनी वनमजुराला विचारलं, "आरं, ही तर झोपली. आता वाघ कसा यायचा?"

या भागात बिबट्याला वाघच म्हणतात.

यंत्र म्हणून पिंजरा अगदी साधा. लोखंडी गजांची लांबट चौकट, आत दोन कप्पे. मागच्यात शेळी किंवा कोंबड्या, मध्ये जाळी, पुढचा कप्पा बिबट्यासाठी मोकळा. दरवाजा वर ओढून आकड्याला अडकवलेला, आकड्याची तार तळातल्या फळीला. भक्ष्याच्या ओढीने जनावर जाळीपाशी गेलं, फळीवर पाय पडला, की तार सुटते आणि दरवाजा स्वतःच्या वजनाने धाडकन खाली. उंदराच्या सापळ्याचा थोरला भाऊ. वरून पाचट आणि हिरवे वाढे टाकले की उसात ऊस होऊन जातो. तालुक्याच्या गावातला कुठलाही वेल्डर दोन दिवसांत करून देईल. तो लावायचा कागद मात्र इतका सोपा नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला धरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. गावाला हे सांगून बघा. एखाद्या घरातलं लेकरू गेलेलं असतं आणि आपण अनुसूची सांगत असतो.

हे सगळं जुन्नरलाच का, याचं उत्तर पाण्यात आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणं झाली आणि कोरडवाहू बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात असतो. दाट, गार, पाण्याला जवळ, वर्षभर माणसाचा फारसा वावर नाही. रानडुकरं आणि उकिरड्यावरची कुत्री हाताशी. बिबटिणीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? इथल्या कितीतरी बिबट्यांचा जन्मच उसातला. 'त्यांना जंगलात नेऊन सोडा' असं आपण म्हणतो तेव्हा त्यांनी कधी न पाहिलेल्या मुलखाचा पत्ता सांगत असतो.

नेमकं तेच केलं गेलं. 2001 ते 2003 या काळात जुन्नरच्या पट्ट्यात धडाधड पिंजरे लागले, शंभरावर बिबटे धरले आणि त्यातले अनेक दूर सह्याद्रीच्या जंगलांत सोडून दिले. हेतू चांगला होता. गावाला दिलासा मिळाला, फोटो छापून आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी या सगळ्याचा हिशेब नंतर मांडला तेव्हा चित्र उलटं निघालं. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. धरून सोडण्याची ही मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. धरलेल्या बिबट्यांच्या शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची पद्धत त्याच सुमारास आली. त्यामुळे पुन्हा पिंजऱ्यात आलेला बिबट्या नवा की जुनाच, हे कळू लागलं.

असं का होतं, हे एकदा समजलं की साधं वाटतं. बिबट्याचा इलाखा ठरलेला असतो. त्याला उचललं की ती जागा रिकामी राहत नाही, शेजारचा एखादा तरणा नर येऊन बसतो, आणि त्याला कुठला कुत्रा कुठल्या ओट्यावर झोपतो, माणसं कोणत्या वाटेने कधी जातात, यातलं काही ठाऊक नसतं. तिकडे उचलून नेलेला भुकेला, भांबावलेला, अनोळखी रानात. परतीची वाट शोधत तो वस्त्यांमधून हिंडतो. एका पिंजऱ्याने दोन गावांची झोप उडते. शिवाय पिंजरा आरोपी ओळखत नाही. त्या रात्री जो भुकेला जवळून गेला तो आत. हल्ला करणारा तोच होता का, हे गावही छातीठोक सांगू शकत नाही. पण पिंजऱ्यात काहीतरी पिवळं-काळं गुरगुरताना दिसलं की गाव शांत होतं. माझ्या मते पिंजऱ्याचं खरं गिऱ्हाईक ही शांतता.

आता याउलट अकोल्याचं बघा. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीच्या, भरवस्तीच्या भागात कॅमेरे लावले. जंगल नावालाही नाही, तरी शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेतून आहार तपासला तर 87 टक्के पाळीव जनावरं, त्यातही सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा. लोक आणि बिबटे एकाच शिवारात नांदत होते. याच तालुक्याच्या डोंगरी भागात महादेव कोळी वाघबारस पाळतात, वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावून खिरीचा नैवेद्य दाखवतात. याला कुणी अडाणीपणा म्हणावं असं मला वाटत नाही. शेजारी बदलता येत नसला तर त्याच्याशी बोलणं-चालणं ठेवावं लागतं, एवढा व्यवहार त्यात आहे.

पिंजऱ्यात आलेल्या सगळ्यांनाच परत सोडता येत नाही. उरलेल्यांची वाट माणिकडोहला जाते. धरणाजवळ वन विभागाचं बिबट निवारा केंद्र आहे, 2007 पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथली देखभाल बघते. तिथल्या म्हाताऱ्या बिबट्यांचे जबडे बघितले की पिंजऱ्याची दुसरी बाजू दिसते. आत अडकलेला बिबट्या गज चावतो. सुळे तुटतात. कपाळ आणि पंजे सोलवटून निघतात. सुळे गेलेल्याला शिकार जमत नाही आणि शिकार न जमणाऱ्याला बाहेर सोडण्यात अर्थ नसतो. म्हणून अनुभवी वनरक्षक दरवाजा पडल्याचा आवाज आला की आधी पिंजऱ्यावर जाड कापड टाकतो आणि मग गर्दीला मागे हटवायला लागतो. अंधार झाला की जनावर निवळतं. हे अर्धा तास जरी उशिरा झालं तरी नुकसान होऊन गेलेलं असतं; मोबाईल उंच धरलेली पोरं पुढे सरकत असतात आणि आतला बिबट्या प्रत्येक आरोळीबरोबर गजावर आदळत असतो.

पिंजऱ्याचं एक रूप मला मनापासून आवडतं, विहिरीतलं. या भागात कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ. रात्री कुत्र्यामागे धावता धावता बिबट्या पडतो आणि सकाळपर्यंत पोहत राहतो किंवा मोटारीच्या पाइपाला मिठी मारून बसतो. वरून आधी दोरांना बांधून बाज सोडतात. थकलेलं जनावर तिच्यावर चढून नुसतं धापा टाकतं. मग उघड्या दाराचा पिंजरा खाली उतरतो, आणि बहुतेक वेळा ते स्वतःहून आत जातं. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून असाच एक वयस्क, शांत बिबट्या वर काढला. त्याला 'आजोबा' नाव पडलं. गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, आणि तो शे-सव्वाशे किलोमीटर चालत, रेल्वेचे रूळ आणि खाडी ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. 2011 मध्ये तो गाडीखाली गेला.

ऊसतोडीत तर पिंजऱ्याऐवजी क्रेट चालतं. कोयत्याखालून पाचट सरकतं आणि मांजराएवढी दोन-तीन पिल्लं दिसतात. पूर्वी ती उचलून आणत आणि पोरकी करत. आता तपासून, चिप बसवून, टोमॅटो भरतात तसल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये झाकून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, बाजूला कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जातात. रात्रीतून बिबटीण येते, क्रेट पंजाने पाडते आणि मानेला धरून एकेक पिल्लू नेते. सकाळी आडवं क्रेट बघून वन विभागाची माणसं चहाला बसतात.

हे सगळं सांगताना 2025 ची दिवाळी डोळ्याआड करता येत नाही. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या परिसरात थोड्या दिवसांच्या अंतराने तीन माणसं गेली, त्यात मुलंही होती. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. अशा घरासमोर उभं राहून सहजीवनावर बोलायची माझी हिंमत नाही. तिथे पिंजरा लावायलाच हवा, तोही त्याच संध्याकाळी. तक्रार आहे ती कुत्रं पळवलं तरी पिंजरा, नुसता ठसा दिसला तरी पिंजरा, या सवयीबद्दल. शेतीला दिवसा वीज, गोठ्याला जाळी, विहिरीला कठडा, उकिरड्याचा बंदोबस्त, यांच्यासाठी रस्ता कोणी अडवत नाही.

नारायणगावचा तो पिंजरा पाहिला त्या संध्याकाळी आजींच्या घरी चहा झाला. त्यांच्या नातवाची पाण्याची पाळी रात्रीची होती, लाइट बाराला येणार. त्याने डोक्याला बॅटरी बांधली, हातात काठी घेतली, खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात गाणं लावलं. "वाघाला कळाया पायजे की माणूस येतंय," आजी म्हणाल्या. तो पिंजऱ्याजवळून गेला. शेळीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.