वाघाच्या मावशीची रात्रपाळी

बल्लारपुरात रात्र सगळ्यांची एकाच वेळी होत नाही. पेपरमिलची पाळी सुटली की कोणाची रात्र सुरू होते, तेव्हा कोळसा खाणीतला कोणी डबा भरून निघालेला असतो. स्टेशनाला तर दिवसरात्र ठाऊकच नाही. या गोंधळात आमच्या घरी एकच जीव घड्याळ लावल्यासारखा वागतो, तो म्हणजे मनी. साडेदहाला पलंगापाशी येऊन बसते. मी पुस्तक मिटलं नाही तर पुस्तकावर बसते. दिवा मालवला की पोटावर चढून पुढच्या दोन पायांनी कणीक तिंबते, नखं जराशी बाहेर ठेवूनच. मग दोन-तीन प्रदक्षिणा घालून माझ्या गुडघ्यांच्या खोबणीत मुक्काम. तिथून मला सकाळपर्यंत कूस बदलायची सोय नाही. सासूबाई बजावतात, "पाय हालवू नोको, झोपली हाये ना ते!" मांजर आडवं गेलं म्हणून घरात परतून पाणी पिऊन निघणाऱ्या याच त्या सासूबाई.

ते कणीक तिंबणं आईच्या पोटाशी शिकलेलं असतं. पिल्लू दूध उतरावं म्हणून आईचं पोट असंच दाबतं. मांजर मोठं झालं तरी मऊ, ऊबदार काही मिळालं की ती सवय जागी होते. पंजाच्या गादीत आणि गालांवर गंधाच्या ग्रंथी असतात. त्यामुळे अंगावर गाल घासणं म्हणजे, तिच्या हिशेबात, माझ्यावर घराचा शिक्का मारणं. मांजर घरावर प्रेम करतं, माणसावर नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्य विद्यापीठात मांजरांना मालकापासून थोडा वेळ दूर ठेवून, परत भेटल्यावर ती कशी वागतात ते पाहिलं. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक दिसताच निर्धास्त झाली, तान्ही बाळं आईला पाहून होतात तशी. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही.

घुरघुर हे आणखी वेगळं प्रकरण. तिची कंपनं साधारण सेकंदाला २५ ते १५० असतात. पण भुकेच्या वेळच्या घुरघुरीत एक बारीक, उंच सूर मिसळलेला असतो. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅककोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये दाखवून दिला. बाळाच्या रडण्याशी त्याचं साम्य आहे, म्हणून तो ऐकून पडून राहणं जड जातं. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही ही घुरघुर जास्त निकडीची वाटली. भाच्याला, म्हणजे वाघाला, डरकाळी फोडता येते, पण अशी सलग घुरघुर जमत नाही. मावशीचं उलट आहे. नातं मात्र नुसतं म्हणण्यापुरतं नाही. २०१३ मध्ये वाघाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तो मांजराशी ९५.६ टक्के जुळला.

मनी पहाटे चारला उठवते, तो छळ या नात्यातूनच येतो. ताडोबाच्या सफारीच्या फेऱ्या भल्या सकाळी आणि दुपार कलल्यावर असतात, कारण जंगलाची हालचाल त्या वेळांना असते. मांजराचा पूर्वज, आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, संधिप्रकाशात शिकार करी. मनीला उंदीर मारायची गरज उरलेली नाही, पण वेळापत्रक तेच आहे. दिवसातले बारा ते सोळा तास झोपून काढल्यावर चार वाजता ती टवटवीत असते. मग ओलं नाक गालाला, खरखरीत जीभ पापणीवर, तरी नाही उठले तर कपाटावरून उडी.

आम्ही हे बरेच दिवस तिचा हट्ट समजून सोसलं. चूक आमची होती. सासूबाई संध्याकाळी सातला दूध-पोळी वाढायच्या आणि तेवढ्यावर रात्र काढायला सांगायच्या. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा आवश्यक घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो आणि गोडाची चव तर त्याला कळतच नाही. मोठ्या मांजराला दूधही बहुधा पचत नाही. आता रात्री दहाला दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पंधरा मिनिटं पळवायचं आणि मग उकडलेली कोंबडी किंवा मासळी वाढायची. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा तिचा स्वाभाविक क्रम. पहाटे ती ओरडली तरी उठायचं नाही, कारण एकदा उठलं की दुसऱ्या दिवशी ती हक्काने बोलावते. चारचे साडेपाच झाले आहेत. नवऱ्याच्या रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र स्कूटरच्या आवाजाला ती दारात हजर असते, तिथे काही उपाय चालत नाही.

ऋतूप्रमाणे जागाही बदलते. ३० ते ३८ अंशांत मांजराच्या शरीराला ऊब राखायला किंवा थंड व्हायला वेगळे कष्ट पडत नाहीत. त्यामुळे आपण पंखा लावतो तेव्हाही ती खुशाल अंगाला चिकटते. डिसेंबरात ती दुलईच्या आत शिरते. मे महिन्यात पारा ४७च्या घरात गेला की प्रेम आटतं, आणि रांजणाखालची ओली फरशी सोडून ती कुठे हलत नाही.

मांजराला अंथरुणात घेणाऱ्यांना तीन गोष्टी सांगते. रेबीजची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर टोचून घ्या. कुत्र्याच्या पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन त्याच्या जिवावर बेततं. आणि ताप वाटला तरी घरातली पॅरासिटॅमॉल चुकूनही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजर मारायला पुरेशी असते.