बीडचे धाब्याचे वाडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड, धारूर, अंबाजोगाई येथील जुन्या वस्तीत काळ्या पाषाणाच्या भिंतींचे, नक्षीदार देवडीचे आणि मातीच्या सपाट माळवदाचे जे वाडे आज तग धरून आहेत, त्यांच्याविषयी ऐकीव मतेच फार प्रचलित आहेत. आणि अशा मतांच्या भरवशावर वाडे पाडले जातात, म्हणून त्यांची शहानिशा अगत्याची आहे.

गैरसमज: हे वाडे म्हणजे पेशवाईचा वारसा.
वस्तुस्थिती: बीडचा मुलूख दीर्घकाल निजामाच्या अमलाखाली होता आणि तो अंमल १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपुष्टात आला. येथील वाडे देशमुख, देशपांडे, जहागीरदार अशा वतनदारांनी उभारले, आणि चौकाभोवती घर रचण्याची रीत तर पेशव्यांहून पुष्कळ प्राचीन आहे.

गैरसमज: मातीचे छप्पर हे दारिद्र्याचे लक्षण.
वस्तुस्थिती: धनिकाच्या वाड्यावरही मातीच असे. कोकणात मुसळधार पावसामुळे उतरते छप्पर अपरिहार्य ठरते. बालाघाट डोंगररांगेच्या या अल्पवृष्टीच्या प्रदेशात मात्र सागवानी तुळयांवर पसरलेली पांढरी माती पाणी थोपवते, वैशाखातली उष्णता सावकाश आत येऊ देते आणि रात्री निजायला व धान्य वाळवायला हक्काची जागाही देते.

गैरसमज: रस्त्याकडे खिडक्या नाहीत, कारण पूर्वजांना हवा-उजेडाची जाण नव्हती.
वस्तुस्थिती: उजेड चौकातून आणि माळवदातील साण्यातून, म्हणजे झरोक्यातून, येई, बंद भिंत ही उन्हाची झळ, धूळ व लुटारू यांच्यापासून संरक्षण होती. खिडक्यांविषयी असाच ऐकीव समज इंग्लंडातही आहे: तेथील शहरांत उभ्या राहिलेल्या जॉर्जियन घरांच्या दर्शनी भागावरील आंधळ्या खिडक्या पाहून लोक त्या सरसकट खिडकीपट्टीच्या भयाने बुजविल्या असे सांगतात; ती पट्टी १६९६ पासून १८५१ पर्यंत खरोखर होती, तथापि त्यांतल्या पुष्कळ खिडक्या केवळ प्रमाणबद्धतेसाठी आरंभापासूनच आंधळ्या बांधलेल्या आहेत. वास्तूचे कारण वास्तूलाच विचारावे लागते, ते असे.

गैरसमज: ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने ही बांधणीच घातक ठरवली.
वस्तुस्थिती: शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे मृत्यू पावली, हे दुःख विसरण्याजोगे नाही, परंतु घात झाला तो दोन अंगांच्या भिंतीत आरपार जाणारे दगड नसल्यामुळे आणि दरसालच्या लिंपणाने माळवदावर साचलेल्या, काही ठिकाणी दोन फुटांहून जाड झालेल्या मातीच्या भारामुळे. भिंती ढासळल्या तरी खांब आणि तुळयांचे लाकडी खण कित्येक घरांत उभेच राहिले.

तेव्हा ज्यांच्याकडे असा वाडा आहे त्यांना विनंती एवढीच की, माळवदावरील जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब वाळवीपासून जपा, सिमेंटचा गिलावा टाळा, कारण त्याने ओल आतच कोंडते. आणि पाडण्याचा निर्णय करण्यापूर्वी एकदा जाणत्या गवंड्याला व अभियंत्याला बोलावून वाडा दाखवा.