लेपो : तळाचा रहिवासी

पेडणे तालुक्यातील केरी, हरमल, मोरजीच्या किनाऱ्यांवर ताटात येणारा चपटा लेपो आपण चवीने खातो; पण तो जन्मतः चपटा नसतो. लहानपणी तो इतर माशांसारखाच सरळ पोहतो. वाढताना त्याचा उजवा डोळा सरकत डाव्या बाजूस जातो आणि लेपो कुशीवर पडून वाळूत दडतो. वाळूशी मिळत्या रंगामुळे तो शत्रूला दिसत नाही. परंतु तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यापुढे ही युक्ती निरुपयोगी ठरते. रापणकारांच्या लढ्यानंतर १९८० साली गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात. माशांच्या वाढीला मिळणारी ही उसंत पाळली, तरच लेपो पुढेही आपल्या ताटात येईल.