वीज आहे, पण कशी आहे? शेवटच्या खांबापर्यंतचा हिशेब

वीज गेली की ती गेल्याचे सर्वांनाच कळते. तक्रार केंद्रातील दूरध्वनी खणखणतात, वायरमन येतो, फ्यूज बसतो आणि प्रकरण मिटते. मात्र वीज असूनही पंखा रखडत फिरतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर घुरघुरून गप्प होतो, एसी चालू होता होता बंद पडतो, तेव्हा नेमके काय बिघडले आहे हे ग्राहकाला सांगता येत नाही. तक्रार केंद्राच्या लेखी तर ‘सप्लाय चालू’ असतो. राज्यात अनेक वर्षे भारनियमनाचे चटके बसल्याने वीज ‘आहे की नाही’ एवढाच विचार करण्याची सवय आपल्याला लागली. ‘आहे ती कशी आहे’ हा प्रश्न मागे पडला. एसी, छतावरील सौरसंच आणि विजेवरील वाहने घरोघरी पोहोचू लागल्यावर तोच प्रश्न आता दार ठोठावत आहे.

मोठ्या वीजकेंद्रातून निघालेली वीज उपकेंद्रांमधून उतरत उतरत शहरात ११ किंवा २२ हजार व्होल्टच्या वाहिनीने येते. चौकातल्या किंवा सोसायटीच्या कोपऱ्यातल्या रोहित्रात, म्हणजे लोकांच्या भाषेत डीपीत, तिचा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरवला जातो. हा दाब दोन फेजमधला. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात तो २५० व्होल्ट भरतो. घरी मिळायला हवेत ते २३० व्होल्ट. वरचे वीस व्होल्ट ही वाटखर्चाची शिदोरी असते. रोहित्रात आणि पुढच्या तारांमध्ये काही दाब खर्ची पडणार, हे गृहीत धरूनच ती दिलेली असते. त्यामुळे डीपीलगतच्या घरात दाब थोडा चढा आणि शेवटच्या खांबावरच्या घरात थोडा उतरता असणे स्वाभाविकच आहे. प्रश्न असतो तो किती, एवढाच.

त्याचे उत्तर नियमांनी देऊन ठेवले आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत लघुदाब ग्राहकासाठी सहा टक्के कमी-जास्त एवढीच मुभा होती. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या कृतिमानकांतही तीच टक्केवारी आली. २३० व्होल्ट धरले तर ही चौकट सुमारे २१६ ते २४४ व्होल्टची होते. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या तर शीर्षकातच ‘वीज गुणवत्ता’ हे शब्द आहेत. नियमांची वानवा नाही. वानवा आहे ती मोजमापाची.

दाब नेमका कुठे हरवतो, ते एका साध्या गणिताने पाहता येईल. खांबावरच्या उघड्या तारांना प्राण्यांची इंग्रजी नावे आहेत. ‘वीझल’ बारीक, ‘रॅबिट’ त्याहून जाड, ‘डॉग’ आणखी जाड. (ही नावे ब्रिटिशांच्या काळातली. गोदामात ससा आणि कुत्रा मागणारा वायरमन पाहून नवख्या माणसाला हसू येते.) एक किलोमीटर वीझलचा रोध ०.९३ ओहमच्या आसपास असतो. डीपीपासून २५० मीटरवर एकाच फेजवर ४० अँपियर भार आहे असे समजू. वीज फेजच्या तारेने जाते आणि न्यूट्रलने परत येते, म्हणजे तारेची लांबी ५०० मीटर झाली. एवढ्या अंतरात सुमारे १८.६ व्होल्ट हरवतात. सुरुवातीला २३० असतील, तर शेवटी २११ उरतात, म्हणजेच नियमाच्या चौकटीबाहेर. शिवाय साडेसातशे वॅटच्या आसपास वीज तारा तापवण्यात जाते. भार दुप्पट झाला तर दाबातील घट दुप्पट होते. तारेतील हानी मात्र दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे जवळजवळ तीन हजार वॅट. वीजगळतीची चर्चा आकडे टाकून होणाऱ्या चोरीपाशी येऊन थांबते. ही बिनचोरीची गळतीही त्याच हिशेबात असते आणि तिचे पैसे अखेर प्रामाणिक ग्राहकाच्याच दरात मिसळतात.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. तोच ४० अँपियर भार तिन्ही फेजवर सारखा वाटून दिला, तर प्रत्येक फेजवर १३.३ अँपियर येतात. न्यूट्रलमधून जवळपास काहीच परत येत नाही आणि घट १८.६ वरून ३.१ व्होल्टवर येते. हानीही एक षष्ठांश होते. नवी तार नको, नवे रोहित्र नको, फक्त घरांची जोडणी फेजवार नीट वाटलेली हवी. वस्ती वाढत गेली तसतशी मात्र जिथे खांबावर हात पोहोचला तिथे जोडणी झाली. कोणते घर कोणत्या फेजवर आहे याची नोंद अनेक ठिकाणी कागदावर नसते; ती जुन्या वायरमनच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की नोंदही त्याच्याबरोबर जाते.

न्यूट्रल तुटते तेव्हा

‘अचानक व्होल्टेज वाढले आणि टीव्ही जळाला’ अशी तक्रार आली की बहुतेकदा तिचे मूळ न्यूट्रलमध्ये सापडते. न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येक घर आपापल्या फेजशी स्वतंत्रपणे जोडलेले असते. ती तुटली वा सांध्यात सैल झाली की दोन फेजवरची दोन घरे एकापुढे एक अशी मालिकेत जोडली जातात आणि त्या दोघांवर मिळून ४०० व्होल्ट पडतात. हा दाब निम्मा-निम्मा वाटला जात नाही. एका घरात दोन हजार वॅटचा गीझर चालू आहे आणि दुसऱ्यात जेमतेम दोनशे वॅटचा टीव्ही व दिवे, तर गीझरवाल्या घराला ४० व्होल्टही मिळत नाहीत आणि टीव्हीवाल्या घरात साडेतीनशेहून अधिक घुसतात. ज्याचा वापर कमी, त्याचेच नुकसान जास्त. न्यूट्रल जागोजागी भूसंपर्कित केलेली असेल तर हा धोका बराच कमी होतो. परंतु डीपीची अर्थिंग उन्हाळ्यात कोरडी पडते आणि तिच्यावर पाणी घालायचे असते, ही गोष्ट कोणाच्याही कामाच्या यादीत वर नसते.

न्यूट्रलवर अलीकडे आणखी एक ओझे आले आहे. जुना पिवळा बल्ब विजेच्या लहरीप्रमाणे सौम्यपणे प्रवाह घेत असे. एलईडी दिवे, संगणक, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर ही उपकरणे वीज लचके तोडल्यासारखी घेतात. त्यातून ५० हर्ट्‌झच्या मूळ लहरीवर तिच्या पटीतल्या उपलहरी स्वार होतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. तिन्ही फेजचा भार सारखा असेल तर मूळ प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदून शून्य होतात. तिसऱ्या पटीच्या, म्हणजे १५० हर्ट्‌झच्या उपलहरी मात्र छेदल्या न जाता एकत्र जमतात. जुन्या लाइनवर न्यूट्रल फेजपेक्षा बारीक टाकलेली असेल, तर तापते आधी तीच. विजेची बचत करणारा दिवा वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. न्यूट्रलला दुय्यम मानण्याचे दिवस सरले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

‘सगळे एकदम लावणार नाहीत’

लघुदाब यंत्रणेचे नियोजन एका व्यवहारी गृहीतकावर उभे आहे. चाळीस सदनिकांचा प्रत्येकी पाच किलोवॅट भार मंजूर असला तरी एकाच क्षणी दोनशे किलोवॅट कोणी मागत नाही. एकाकडे गीझर चालू असतो तेव्हा दुसऱ्याकडे मिक्सर फिरत असतो आणि तिसरा घराबाहेर असतो. म्हणून रोहित्र बेरजेपेक्षा बरेच लहान बसवले जाते. यात गैर काही नाही. लग्नाच्या पंगतीतही सर्व निमंत्रितांची पाने एकदम मांडत नाहीत.

परंतु एसीने ही पंगत बदलली. मे महिन्यातील उकाड्याच्या रात्री अकरा वाजता सर्वांनाच एकदम गारवा हवा असतो. २०० केव्हीएच्या रोहित्रातून प्रत्येक फेजवर सुमारे २६७ अँपियर मिळतात आणि दीड टनाचा एक एसी सात-आठ अँपियर घेतो. जेमतेम पस्तीस एसींनी एक फेज भरते, तेही दुसरे काहीच चालू नसेल तर. पूर्वी सायंकाळच्या भारानंतर रात्री रोहित्राला थंड व्हायला उसंत मिळत असे. ती उसंत आता हिरावली गेली आहे. रोहित्राच्या आतील कागदी आवरणाचे तापमान सुमारे सहा अंशांनी वाढले की त्याची झीज दुपटीने होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. जे रोहित्र पंचवीस वर्षे चालायचे ते बाराव्या-तेराव्या वर्षी जळाले, तर त्यात नवल काय?

विजेवरील वाहनांमुळे या भारात भर पडत आहे. घरगुती चार्जरचा भार साधारण साडेतीन ते सात किलोवॅटचा असतो आणि कार्यालयातून परतल्यावर गाडी प्लगला लावण्याची वेळही बहुतेकांची एकच असते. पाच किलोवॅट गृहीत धरून बांधलेल्या इमारतीत असे दहा चार्जर लागले की जुना हिशेब कोलमडतो. पुनर्विकासाच्या आराखड्यात पोडियम, जिम आणि तीन मजली वाहनतळ असतो. रोहित्रासाठी जागा मागितली की मात्र सर्वांचेच हात आखडतात. अखेर ते कोपऱ्यात ढकलले जाते आणि मग तारांची लांबी वाढते. वर मांडलेले गणित तिथूनच सुरू होते.

छतावरील सौरऊर्जेने तर हा सगळा प्रवाहच उलटा केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली. एक कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट. वीज खांबाकडून घराकडे येते, या एकाच कल्पनेवर लघुदाब वाहिनी आखलेली होती. दुपारी घरे रिकामी असतात आणि छतावरची वीज उलट खांबाकडे निघते. मघाच्याच वीझल तारेच्या शेवटी एकाच फेजवर तीन किलोवॅटचे चार संच असतील, तर सुमारे ५२ अँपियर उलट वाहतात आणि शेवटच्या घराचा दाब २४ व्होल्टने वर चढतो. डीपीपाशी २४० असेल तर तिथे २६४ होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार दाब ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टवर गेला की संचाने दोन सेकंदांत स्वतःला तोडून घ्यायचे असते. ऊन लख्ख असते आणि संच बंद पडतो. ग्राहक बसवणाऱ्या कंपनीला दोष देतो, कंपनी वीज कंपनीकडे बोट दाखवते. प्रत्यक्षात दोष तारेच्या जाडीत आणि फेजच्या वाटपात असतो. रोहित्राचा टॅप खाली आणून दाब उतरवावा, तर रात्री एसीच्या वेळी तोच दाब आणखी घसरतो. अनेक रोहित्रांचा टॅप वीज बंद केल्याशिवाय बदलता येत नाही. तो दिवसातून दोनदा फिरवणे शक्यच नाही.

ग्रामीण भागात या दुखण्याचे रूप वेगळे आहे. थ्री-फेज वीज येताच ऑटो स्विच लावलेले सगळे कृषिपंप एका दमात सुरू होतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो. दाब वीस टक्के उतरला तर जोर चौसष्ट टक्केच उरतो. पंप जळतो, रोहित्र जळते आणि ऐन रब्बीत पाणी थांबते. त्यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये राज्यात उच्चदाब वितरण प्रणाली आली. उच्चदाबाची तार शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांना मिळून एक छोटे रोहित्र द्यायचे, अशी ही पद्धत. लघुदाबाची लांबीच तोडून टाकणारा हा मार्ग तंत्रदृष्ट्या बिनतोड आहे, पण स्वस्त नक्कीच नाही. मोटरला साधा कपॅसिटर जोडण्याचा उपाय त्याहून कितीतरी स्वस्त आहे. महावितरण त्याचे आवाहन वर्षानुवर्षे करीत आले आहे.

शहरी ग्राहकाने काय करावे? घरातील स्टॅबिलायझर हे खरे तर वीज कंपनीचे काम आपल्या खर्चाने करण्यासारखे आहे. शिवाय तो दाब वाढवताना तारेतून अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे शेजाऱ्याचा दाब आणखी उतरतो. त्यापेक्षा आठवडाभर सायंकाळी सात ते अकरा या वेळेत तासातासाने दाब नोंदवावा, दुसऱ्या फेजवरील शेजाऱ्याच्या नोंदीशी तो ताडून पाहावा आणि लेखी तक्रार द्यावी. एका घराची तक्रार ‘तपासले, ठीक आहे’ या शेऱ्याने मिटवता येते. एकाच डीपीवरील दहा घरांच्या तारीखवार नोंदी मिटवणे अवघड असते. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. दिवे एकाएकी प्रखर होऊ लागले तर मात्र नोंदी करीत बसू नये. मुख्य स्विच लगेच बंद करून १९१२ क्रमांकावर कळवावे.

पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने देशभरात नोंदयंत्रे बसवून घराघरांतील दाबाची मिनिटागणिक माहिती सर्वांसाठी खुली केली होती. आता जे स्मार्ट मीटर बसत आहेत, त्यांच्यातही दाबाची नोंद ठरावीक अंतराने होते. या मीटरवरचा वाद प्रामुख्याने बिलाभोवती फिरला, दाबाच्या या नोंदीविषयी फारसे कोणी विचारले नाही. रोहित्र कुठे कमी पडते, कोणती फेज दबली आहे, कोणत्या वाहिनीवर आणखी सौरसंच मावतील, या सर्वांची उत्तरे तिच्यात आहेत. ती नोंद दरमहा बिलावर एका ओळीत छापायला फारसा खर्चही येणार नाही.