लोहाधिक्य आणि जीवाणूसंसर्ग

लोहाधिक्य म्हणजे शरीरात गरजेपेक्षा जास्त लोह साठणे. या अवस्थेत काही जीवाणूंच्या गंभीर संसर्गाचा धोका वाढतो.

कारणे

जादा लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र यंत्रणा मानवी शरीरात नाही. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत ते यकृत, हृदय व अंतःस्रावी ग्रंथींत साठते. खानदेशातील धुळे व जळगाव जिल्ह्यांत भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत सिकलसेल आजार आढळतो. त्यांपैकी नियमित रक्त घेणाऱ्या रुग्णांतही लोहाधिक्य होऊ शकते.

संसर्गाची प्रक्रिया

बहुतेक जीवाणूंना वाढीसाठी लोह लागते. निरोगी शरीरात ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह बांधून ठेवते. त्याची क्षमता संपली की मोकळे लोह जीवाणूंना उपलब्ध होते. लोह काढण्यासाठी दिले जाणारे डेफेरॉक्सामिन मुळात स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूपासून मिळालेले असून, त्याने बांधलेले लोह येर्सिनिया हा जीवाणू वापरू शकतो. कच्च्या कालवांतून येणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकसही अशा रुग्णांत घातक ठरतो. प्लीहा काढलेल्या किंवा निकामी झालेल्या रुग्णांत धोका अधिक असतो.

प्रतिबंध

ताप आल्यास तातडीने रुग्णालयात तपासणी आवश्यक असते. तापासोबत पोटदुखी किंवा जुलाब असल्यास डॉक्टर डेफेरॉक्सामिन तात्पुरते थांबवतात. सिकलसेलमधील रक्तक्षय प्रामुख्याने तांबड्या पेशी फुटल्याने होतो. म्हणून फेरिटिन तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेणे अपायकारक ठरू शकते.