पहिली दहा मिनिटं

बारामती-इंदापूर पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी भरतीची पोरं लगेच ओळखू येतात. बहुतेकांच्या तोंडी जीडी, ट्रेड्समन, क्लार्क अशी पदं असतात. बारावीला बायोलॉजी घेतलेली थोडी पोरं मात्र 'एनए'च्या जागेवर डोळा ठेवून असतात. एनए म्हणजे नर्सिंग असिस्टंट, आर्मी मेडिकल कोअरचा जवान. तो पलटणीबरोबर राहतो, पलटणीबरोबर चढतो आणि जखमीपर्यंत सगळ्यात आधी पोचणाऱ्यांपैकी एक असतो. जवान त्याला 'डॉक्टरसाब' म्हणतात. गावाकडे मात्र 'पोरगं मेडिकलमध्ये आहे' एवढ्यावर विषय संपतो. हे मला फार खटकतं, कारण त्याच्या कामातलं बरंच काही आपल्या शिवारात आणि हायवेवर रोज लागणारं आहे.

लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या सेंटरमध्ये तो आधी शिपाई होतो: कवायत, रायफल, दौड. नंतर औषधं, ड्रेसिंग, सलाईन आणि वॉर्डातलं काम शिकतो. पलटणीत एक डॉक्टर अधिकारी असतो, आरएमओ. त्याच्या हाताखाली एनएचा दिवस एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, सुरू होतो. सकाळच्या सिक रिपोर्टला ताप, पाठदुखी, बुटानं सोललेली टाच असं सगळं येतं. कुणाला गोळ्या, कुणाला लाइट ड्यूटी. त्यानंतर लंगरची पाहणी, लसीकरणाच्या नोंदी, मच्छरदाण्या. फायरिंग असो की दौडीची परीक्षा, ॲम्ब्युलन्सशेजारी हाच उभा.

सगळ्यात महत्त्वाचं काम पाण्याचं. त्यासाठीची हॉरॉक्स पेटी बघण्यासारखी असते. विल्यम हॉरॉक्स हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर, पेटीला त्याचंच नाव आहे. आत एक काळा पेला, सहा पांढरे पेले आणि दोन ग्रॅमचा चमचा. काळ्या पेल्यात ब्लीचिंग पावडर कालवायची. पांढरे पेले तपासायच्या पाण्यानं भरायचे. काळ्यातलं निवळ द्रावण पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं चढत्या क्रमानं सहाव्यापर्यंत टाकायचं. अर्धा तास थांबून स्टार्च-आयोडाइडचे थेंब सोडायचे. जो पहिला पेला निळा होईल, त्याच्या क्रमांकाएवढे चमचे पावडर 455 लिटरला. तिसरा निळा झाला तर सहा ग्रॅम. आपल्या ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर आणि 'ओटी टेस्ट' यांच्यामागेही क्लोरीन मोजण्याचंच शास्त्र आहे. कित्येक मोहिमांत बंदुकीपेक्षा हगवण आणि कॉलऱ्यानं जास्त माणसं नेली. म्हणून पाण्याची पेटी हे मी त्याचं पहिलं हत्यार मानतो.

ही व्यवस्था उभी राहण्याआधी काय होत होतं, ते पहिल्या महायुद्धात आपल्याच भागातल्या लोकांनी भोगलं. मेसोपोटेमियात लढलेल्या सैन्यात सहावी पूना डिव्हिजन होती. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनच्या लढाईत हजारो जखमी झाले. त्यांना उचलायला पुरेशी माणसं नव्हती, ॲम्ब्युलन्स नव्हत्या. सामान वाहायच्या बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून त्यांना नदीपर्यंत आणलं. तिथून भरगच्च बोटींतून बसरा गाठेपर्यंत जखमा सडल्या. पुढे चौकशी आयोग बसला. गोळी लागून न मेलेला माणूस वाटेत मरतो, ही गोष्ट तिथे उघड्यावर आली. 3 एप्रिल 1943 ला मेडिकल कोअर एकत्र उभी राहिली, तेव्हा या सगळ्याचा अनुभव गाठीशी होता. 1950 मध्ये याच कोअरची 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली कोरियाच्या युद्धात गेली. मार्च 1951 मध्ये तिचे लोक अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उड्या मारून रणांगणात उतरले.

आता एनएच्या पिशवीकडे वळू. प्रत्येक जवानाच्या खिशात एक फील्ड ड्रेसिंग असतं: निर्जंतुक गादी, तिला शिवलेली लांब पट्टी, वरून पाणी न शिरणारं वेष्टन. इंदापूर तालुक्यातल्या एका निवृत्त एनए हवालदारांनी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ते मला उघडून दाखवलं. दोन्ही हातांनी पट्टीच्या गुंडाळ्या धरायच्या, ताणायच्या, गादी आपोआप पसरते. जखमेवर बसणाऱ्या बाजूला बोट लागता कामा नये. "आणि ड्रेसिंग जखमीच्याच खिशातलं काढायचं," तात्या म्हणाले, "आपलं दिलं तर पुढं आपल्यासाठी काय ठेवायचं?"

हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट. जखमेच्या वर चार बोटं, सांधा सोडून. पट्टा ओढायचा, दांडी पिळत जायची, रक्त थांबेपर्यंत. जखमी कळवळतो, तरी पिळायचीच. मग बांधल्याची वेळ लिहायची, आणि जखमीला डॉक्टरच्या हाती देईपर्यंत टूर्निकेट सोडायचं नाही. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. म्हणून तात्यांच्या हिशोबात पहिली दहा मिनिटं, बाकी सगळं नंतर.

सियाचीनसारख्या उंचीवर पिशवी बदलते. तिथला मोठा वैरी हापो, म्हणजे फुप्फुसात पाणी भरणं. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, मग गुलाबी फेस. मुख्य उपाय खाली उतरवणं. हवामानामुळे हेलिकॉप्टर येत नसेल तर रुग्णाला हवाबंद लांबट पिशवीत घालून पायपंपानं आत दाब वाढवतात. त्याला काही हजार फूट खाली नेल्यासारखा फरक पडतो. मात्र आतली हवा ताजी राहायची तर कुणीतरी पंप मारत राहावं लागतं. थंडीत सलाईन गोठू नये म्हणून डीआरडीओच्या दिल्लीतल्या 'इनमास' संस्थेनं उणे 18 अंशांपर्यंत न गोठणारं ग्लिसरीनयुक्त सलाईन तयार केलं आहे.

जखमीचा पुढचा प्रवास पायरीपायरीनं होतो: रेजिमेंटल एड पोस्ट, फील्ड हॉस्पिटल, बेस हॉस्पिटल. पाय गमावलेल्यांसाठी पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, 1944 पासून.

गावाकडे मात्र तात्यांना सगळ्यात जास्त चीड येते ती उसाच्या फडातल्या दोरीची. साप चावला की लोक करकचून दोरी आवळतात, ब्लेडनं कापतात. टूर्निकेट रक्तस्रावासाठी आहे, सापासाठी नाही. दोरी आवळली तर अवयव जाऊ शकतो, विष काही थांबत नाही. चावलेला हात किंवा पाय फळकुटाला बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि प्रतिविष जिथे आहे तिथे गाठायचं.

पुणे-सोलापूर हायवे आपल्याच दारातून जातो. 2014 पासून राज्यात 108 च्या ॲम्ब्युलन्स डॉक्टरसह धावतात, पण भिगवणच्या पुढे गाडी उलटली तर ती पोचेपर्यंतची मिनिटं तिथे उभ्या असलेल्यांचीच असतात. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 134-अ संरक्षण देतं. तालुक्यात तात्यांसारखे निवृत्त एनए असतील, त्यांना शाळेत, कारखान्यावर, ऊसतोड कामगारांच्या टोळीपुढे बोलवावं. एका जुन्या साडीची तिकोनी पट्टी आणि हातभर काठी एवढ्यावर ते तासाभरात रक्त थांबवायला शिकवतात.