आयपीओचा पैसा नक्की कुणाच्या खिशात जातो?

"अमुक कंपनीचा आयपीओ आलाय, भरायचा का?" हा प्रश्न हल्ली घराघरात ऐकू येतो. पण भरण्याआधी आपला पैसा जातो कुठे, हे कळायला हवं.

समजा, एका बेकरीवाल्याला दुसरी भट्टी टाकायची आहे. पैसे उभे करायचे दोन रस्ते. एक, कर्ज काढायचं. मग धंदा चालो न चालो, व्याज भरावंच लागतं. दुसरा, भागीदार घ्यायचा. नफा झाला तर दोघांचा, तोटा झाला तरी दोघांचा. शेअर म्हणजे हाच दुसरा रस्ता. फक्त इथे भागीदार लाखो असतात. कंपनी पहिल्यांदा सर्वसामान्यांना शेअर विकते, त्याला आयपीओ म्हणतात.

त्यासाठी कंपनीला आपला सगळा हिशोब, कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि धोके लिहून सेबीकडे मसुदा द्यावा लागतो. मग किमतीचा पट्टा ठरतो आणि अर्ज सुरू होतात. अर्ज केल्यावर आपली रक्कम बँकेत फक्त अडकवून ठेवली जाते. शेअर मिळाले तरच कापली जाते. मागणी जास्त असेल तर लहान गुंतवणूकदारांसाठी कॉम्प्युटरवर सोडत निघते. म्हणून "नक्की मिळवून देतो" म्हणणाऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विश्वास ठेवू नका.

आता खरा मुद्दा. आयपीओत शेअर दोन प्रकारचे असतात. कंपनीने नव्याने काढलेले शेअर विकले, तर पैसा कंपनीला मिळतो आणि धंद्यात लागतो. पण जुन्या मालकाने आपल्याकडचे शेअर विकले, तर पैसा त्याच्या खिशात जातो.

२०२१ मध्ये झोमॅटोने ९,३७५ कोटींचा आयपीओ आणला. त्यातले ९,००० कोटी नव्या शेअरचे होते, म्हणजे ते कंपनीला मिळाले. मे २०२२ मध्ये एलआयसीचा आयपीओ आला, सुमारे २०,५५७ कोटींचा. तिथे केंद्र सरकारने आपला ३.५ टक्के हिस्सा विकला. सगळा पैसा सरकारकडे गेला, एलआयसीला त्यातला रुपयाही मिळाला नाही. मालकाने हिस्सा विकणं गैर नाही. पण "आपल्या पैशाने कंपनी वाढणार" हा समज तिथे चुकतो.

आणि भावाची हमी कुणीच देत नाही. एलआयसीचा शेअर ९४९ रुपयांना विकला गेला. १७ मे २०२२ रोजी तो मुंबई शेअर बाजारात ८६७ वर उघडला. पॉलिसीधारकांना ६० रुपयांची सूट होती, तरी तेही तोट्यातच होते.

ही उदाहरणं समजण्यापुरती आहेत, सल्ला म्हणून नव्हे. शेअर ही भागीदारी असली, तरी कंपनीचा धंदा कशाचा आणि व्याजी कर्ज किती, हे आपल्याला पाहावं लागतंच. निफ्टी ५० शरिया सारखे निर्देशांक आहेत, पण बाजारात नव्याने येणारी कंपनी त्यांत सापडणार नाही. तिथे माहितीपत्रक वाचून जाणकार आलिमांना विचारावं.

माहितीपत्रक सेबीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. सगळं वाचणं जमलं नाही, तर "ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू" हे प्रकरण तेवढं उघडा. पैसा कुठे जाणार, ते तिथे लिहिलेलं असतं. इंग्रजी जड वाटलं तर कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला शेजारी बसवा. त्यांचंही शिक्षण होईल.